बांध कुठे घालावा?

सात-बाराचा उतारा ज्याने कधी नीट वाचला आहे त्याला एक गोष्ट माहीत असते. जमीन आहे तेवढीच राहते, वाढतात ते बांध. आजोबांच्या नावावर एक सलग शेत, वडिलांच्या पिढीत त्याचे तीन पोटहिस्से, पुढच्या पिढीत सात. मग एकाच्या वाट्याला विहीर येते पण शेत नाही, दुसऱ्याच्या वाट्याला शेत येते पण तिथे जायला वाट नाही. शिवाय प्रत्येक बांध स्वतःच हात-दीड हात जमीन खातो ते वेगळेच. हे इतके वाढले की १९४७ साली तेव्हाच्या मुंबई प्रांतात शेतजमिनीचे तुकडे पाडायला बंदी करणारा कायदा करावा लागला. त्यालाच आपण तुकडेबंदी म्हणतो.

इतिहास शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे हा कायदा वर्गात मी पुष्कळदा सांगितला. पण त्याचे मर्म मला कळले ते साठी उलटल्यावर, आणि तेही शेतात नाही तर संगणकाच्या हार्ड डिस्कवर. तिथेही जागा मोजकी असते, तिथेही वाटण्या कराव्या लागतात, आणि बांध चुकीच्या जागी पडला की पुढे रडावे लागते. मी रडलो आहे. ती हकिगत शेवटी सांगतो. आधी या वाटण्या आल्या कुठून ते बघू.

विंडोजवाल्यांना 'सी ड्राइव्ह' आणि 'डी ड्राइव्ह' माहीत असतात. एकाच डिस्कचे दोन हिस्से केले की त्यांना पार्टिशन म्हणायचे. युनिक्स आणि त्याच्या वळणावर पुढे आलेली लिनक्ससारखी मंडळी मात्र अक्षरे वापरत नाहीत. त्यांच्याकडे सगळ्या फाइलींचे मिळून एकच झाड असते. त्याच्या मुळाला 'रूट' म्हणतात आणि ते नुसत्या एका तिरक्या रेघेने, म्हणजे स्लॅशने, दाखवतात. दुसरा हिस्सा जोडायचा तर तो या झाडाच्या एखाद्या फांदीवर बसवायचा. आमच्या डहाणू-घोलवडकडे रायणाच्या खुंटावर चिकूचे कलम बांधतात, तसेच म्हणा ना. वरून बघणाऱ्याला झाड एकच दिसते, सांधा कुठे आहे ते माळ्यालाच ठाऊक. फांद्यांची नावेही ठरलेली आहेत. माणसांच्या फाइली 'होम'मध्ये, रोजच्या नोंदी आणि टपाल 'व्हार'मध्ये, आणि बहुतेक सगळे प्रोग्राम 'यूएसआर'मध्ये.

हे 'यूएसआर' प्रकरण मोठे गमतीचे आहे.

१९६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या मरे हिल येथे बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी पीडीपी-७ नावाच्या यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली. डेनिस रिची त्यांचे साथीदार. (त्याच वर्षी ऑक्टोबरात आमच्या खाडीपलीकडे तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण सनावळ्या जोडीने लक्षात ठेवायची जुनी खोड जात नाही.) पुढे त्यांना पीडीपी-११ हे जास्त चांगले यंत्र मिळाले. ते मागताना त्यांनी कारण दिले होते मजकूर टंकून छापण्याच्या सोयीचे, आणि त्याचे पहिले गिऱ्हाईक ठरला त्यांचाच पेटंट विभाग. ३ नोव्हेंबर १९७१ ही युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवरची तारीख.

त्या यंत्राला दोन तऱ्हेच्या डिस्क होत्या. एक लहान पण चपळ, जेमतेम अर्ध्या मेगाबाइटची. दुसरी मंद पण मोठी. आणि मोठी म्हणजे किती? अडीच मेगाबाइट! आज मोबाइलवर नातवाचा एक फोटो काढला तरी त्यात मावणार नाही. चपळ डिस्कवर मूळ यंत्रणा ठेवली, तेच रूट. दुसरी डिस्क वापरणाऱ्या माणसांसाठी, म्हणून तिचे नाव 'यूजर'वरून 'यूएसआर'. केनचे दप्तर तिथे, डेनिसचे दप्तरही तिथे.

पुढे व्हायचे तेच झाले. प्रोग्राम वाढत गेले आणि रूटच्या डिस्कवर जागा पुरेना. मग काही प्रोग्राम शेजारच्या 'यूएसआर'मध्ये ठेवले. घरात धान्याला जागा नाही म्हणून पाहुण्यांच्या खोलीत कणगी ठेवावी तसे. मात्र एक पथ्य पाळावे लागे. यंत्र सुरू होताना दुसरी डिस्क अजून जोडलेली नसते, तेव्हा ती जोडण्यासाठी लागणारे प्रोग्राम तरी पहिल्या डिस्कवर हवेतच. किल्ली कुलूपबंद खोलीत ठेवून कसे चालेल? असे प्रोग्रामांचे दोन कोठार झाले, एक रूटमध्ये आणि दुसरे यूएसआरमध्ये. सामान वाढत गेले आणि कालांतराने माणसांनीच आपली बिऱ्हाडे 'होम'मध्ये हलवली. खोलीचे नाव पाहुण्यांचेच राहिले, आत मात्र एकही पाहुणा नाही. शाळा दुसरीकडे गेली तरी एसटीच्या थांब्याला 'जुनी शाळा' म्हणतात, त्यातलाच प्रकार.

वाचकहो, इतिहासाच्या माणसाला खरी मजा पुढे आहे. डिस्क मोठ्या झाल्या, मूळ अडचण संपली, पण दोन कोठारे तशीच राहिली. मग नव्या पिढीने त्याला कारणे शोधली. यूएसआर म्हणजे 'युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस' अशी लांबलचक फोडसुद्धा झाली. ही मागाहून लावलेली व्युत्पत्ती आहे. अखेर २०१२ साली फेडोरा या लिनक्सच्या सतराव्या आवृत्तीत दोन्ही कोठारे एक केली. डेबियनसारख्या सावध मंडळींनी २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तीत ते सक्तीचे केले. १९७१ सालच्या अर्ध्या मेगाबाइटच्या टंचाईने घातलेला बांध मोडायला चाळीस-पन्नास वर्षे लागली. बांध घालायला एक दुपार पुरते, मोडायला मात्र पिढ्या लागतात.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये हिश्श्यांची मापे डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रामच्या आतच लिहिलेली असत. बदलायची तर तो प्रोग्राम नव्याने बांधायचा. आमच्या चिंचणीला राष्ट्रकूटांच्या काळापासूनचे ताम्रपट सापडले आहेत, त्यांतला एक तिसऱ्या इंद्राच्या काळातला, शके ८४८ चा. तांब्यावर दान कोरले की ते कायमचे, खाडाखोड नाही. डिस्कचे माप असेच कोरलेले असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये ही मापे डिस्कवरच एका छोट्या तक्त्यात लिहायची सोय झाली, म्हणजे ताम्रपटाची पाटी झाली. त्या पाटीवर 'ए' म्हणजे रूट, 'बी' म्हणजे मेमरी अपुरी पडली तर वापरायची 'स्वॅप'ची जागा आणि 'सी' म्हणजे अख्खी डिस्क, हा रिवाज होता.

याच बर्कलीकरांनी मला पटलेली सगळ्यात शहाणी गोष्ट केली. १९८४ साली मार्शल मॅक्युसिक आणि सहकाऱ्यांनी जलद फाइलव्यवस्थेवर निबंध लिहिला. डिस्क अगदी काठोकाठ भरली की एका फाइलीचे तुकडे जिथे जागा मिळेल तिथे विखरून पडतात आणि सगळे काम मंदावते, असे त्यांना दिसले. म्हणून त्यांनी डिस्कचा दहावा भाग सामान्य वापरणाऱ्यापासून राखून ठेवला. घरात बियाण्याचे भात वेगळे बांधून ठेवतात आणि कितीही ओढ लागली तरी त्याला हात लावत नाहीत, तसे. आजही लिनक्सच्या एक्स्ट-४ या फाइलव्यवस्थेत, आपण वेगळे सांगितले नाही तर, पाच टक्के जागा अशी राखीव असते. डिस्क 'भरली' म्हणते तेव्हा ती पूर्ण भरलेली नसते ती यामुळेच.

मग प्रश्न येतो की बांध घालायचेच कशाला? सगळे शेत सलग का ठेवू नये?

याला एक खरे उत्तर आहे. संगणकावर काही फाइली आपोआप वाढत असतात. नोंदींच्या वह्या, टपालाच्या पेट्या, छपाईच्या रांगा. एखादा प्रोग्राम बिघडला आणि रात्रभर तीच तक्रार लिहीत बसला तर सकाळपर्यंत डिस्क भरते, आणि मूळ यंत्रणेला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. 'व्हार' वेगळ्या बांधात असेल तर पूर तिथेच अडतो. शंभर माणसांचा संगणक असेल तर 'होम' वेगळे हवे, म्हणजे एकाच्या हावरटपणाने सगळ्यांचे काम थांबत नाही. १९८० च्या दशकात सन कंपनीच्या संगणकांवर अनेक यंत्रे एकच 'यूएसआर' तारेवरून वापरत. तो हिस्सा कोणी बदलू नये म्हणूनही तो वेगळा लागे.

पण माणसे आवरायला दरवेळी भिंतच लागते असे नाही. मेलबर्न विद्यापीठातल्या रॉबर्ट एल्झ यांनी प्रत्येकाला मर्यादा ठरवून देणारी 'कोटा' पद्धत केली आणि १९८३ मध्ये ती बर्कली युनिक्समध्ये आली. शेत सलग, फक्त कोणी किती पोती न्यायची ते ठरलेले. आपल्याकडे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी लोकांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा विद्यार्थ्यांना परवडणारे खाते म्हणजे 'शेल' खाते असे. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे. ते खाते म्हणजे एका मोठ्या युनिक्स यंत्रावरचा आपला लहानसा कोनाडाच होता. ज्यांनी तो वापरला, त्यांनी नकळत ही सामाईक शेती अनुभवली आहे.

घरगुती संगणकाची कथा मात्र वेगळी. १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर डिस्कचे जास्तीत जास्त चार मुख्य हिस्से करण्याची पद्धत आली आणि ती दशकानुदशके चालली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स केले तेव्हा मिनिक्सची फाइलव्यवस्था वापरली होती. तिच्यात ६४ मेगाबाइटपेक्षा मोठा हिस्साच करता येत नसे, म्हणजे हौस नसली तरी तुकडे पाडा. रेमी कार्ड यांनी १९९२ मध्ये 'एक्स्ट' ही नवी व्यवस्था लिहून ती मर्यादा दोन गिगाबाइटवर नेली. पुढे आणखी एक अडचण होती. जुन्या यंत्रांना सुरू होताना डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचे दिसत नसे, म्हणून 'बूट' नावाचा छोटा हिस्सा अगदी सुरुवातीला ठेवावा लागे. स्वॅप मेमरीच्या दुप्पट ठेवा, हा मंत्र तर मी अजूनही ऐकतो. मेमरी चिमूटभर होती तेव्हा त्यात तथ्य होते. आज सोळा गिगाबाइट मेमरीच्या यंत्रावर बत्तीसचा स्वॅप म्हणजे दोन माणसांच्या घरात हंडाभर वरण. उबुंटूने २०१७ मध्ये स्वॅपचा वेगळा हिस्सा सोडून साधी फाइल वापरायला सुरुवात केली. संगणक पूर्ण झोपवून पुन्हा तिथूनच उठवायचा असेल तर मात्र मेमरीएवढी जागा लागतेच.

आता माझी हकिगत.

लिनक्स मी शिकलो ते मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमातल्या मराठी धड्यांवरून. २०१४ साली पुण्याचा भाचा घरी आला असताना त्याच्यासमोर मोठ्या रुबाबात पाचशे गिगाबाइटच्या डिस्कची वाटणी मी स्वतः केली. रूटला वीस, त्याला लागून स्वॅपला चार, आणि उरलेले सगळे होमला. भाचा म्हणाला, "मामा, रूटला थोडी जास्त द्या." मी म्हटले, वीसमधले सहासुद्धा भरलेले नाहीत, उगाच कशाला? मास्तरकी!

होममध्ये मी गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी साठवत होतो. चिंचणी, तारापूर, वरोर इकडची ऐंशी-नव्वदीतली माणसे. जवळ एक छोटे रेकॉर्डर होते. त्यांच्यासमोर ठेवायचे आणि बोलू द्यायचे. त्यांत एक तांडेल होते. शाळेचे तोंड फारसे पाहिले नव्हते, पण अंधारात होडी खाडीत कशी घ्यायची, किनाऱ्यावरच्या कोणत्या दोन खुणा एका रेषेत आल्या की सुकाणू वळवायचे, हे त्यांनी मला तासभर सांगितले होते. त्यातल्या काही खुणा आता किनाऱ्यावर राहिलेल्याही नाहीत.

२०१९ च्या पावसाळ्यात रूट भरले. पाच वर्षांची अद्यतने, जुने कर्नल, नोंदी, सगळे साचत गेले होते. यंत्र म्हणू लागले, जागा शिल्लक नाही. आणि होममध्ये तीनशे गिगाबाइट मोकळे! ओटी भरली म्हणून उंबऱ्याबाहेर उभे, आत माजघर रिकामे.

जुने कर्नल काढून टाकले असते तरी तात्पुरते भागले असते. मला ते तेव्हा सुचले नाही. मी ठरवले, बांध सरकवायचा. इथे एक बारकावा आहे आणि तो मला माहीत नव्हता. हिश्श्याच्या शेवटी मोकळी जागा असेल तर तो वाढवणे मिनिटभराचे काम आहे. पण माझ्या रूटच्या पुढे स्वॅप होता आणि स्वॅपला लागून होम. रूट वाढवायचे तर होमची सुरुवात पुढे न्यायची, म्हणजे होममधली जवळजवळ दोनशे गिगाबाइटची सगळी सामग्री एकेक करून पुढे उचलून ठेवायची. बांध नव्हे, शेतातली मातीच सरकवायची. त्याला कित्येक तास लागतात आणि मध्येच थांबले तर अर्धी माती इकडे, अर्धी तिकडे.

रात्री साडेअकराला वीज गेली. यूपीएसची बॅटरी जुनी होती, पंधरा मिनिटे टिकली. बाहेर धो धो पाऊस आणि पडद्यावर पुढे पुढे सरकणारी ती पट्टी. ती निम्म्यावर असताना सगळे काळे झाले.

दुसरी प्रत? बऱ्याच गोष्टींची होती. आठवणींची नव्हती. 'सगळे एकदा नीट लावले की मग प्रत काढू' असे म्हणत राहिलो. विद्यार्थ्यांना आयुष्यभर 'आजचा अभ्यास आजच' सांगणारा माणूस!

भाच्याने डिस्क पुण्याला नेली. पुसल्या गेलेल्या फाइली हुडकणारे प्रोग्राम असतात, त्यांनी पुष्कळ काही परत आणले. पण असे प्रोग्राम फाइली ओळखतात, त्यांची नावे त्यांना कळत नाहीत. हजारो फाइली आल्या त्या नुसत्या आकड्यांनी. हजेरीपटावरची नावे पुसून फक्त हजेरी क्रमांक उरावेत तसे. पुढचे सहा महिने मी एकेक आवाज ऐकून 'हे कोण' ते लिहीत होतो. बहुतेक सगळे ओळखले. तांडेलांचे खाडीच्या खुणांचे बोलणे मात्र मिळाले नाही. त्यातली सुरुवातीची चार-पाच मिनिटे तेवढी हाती आली, 'बसा मास्तर' म्हणून चहा मागवतात तिथपर्यंत. ते आदल्या वर्षीच वारले होते. पुन्हा विचारायला गेलो असतो तर कोणाकडे?

त्यानंतर मी हा सगळा इतिहास वाचला. तो आधी वाचला असता तर काय कळले असते? किती जागा लागेल हा अंदाज कोणालाच कधी बरोबर करता आलेला नाही. थॉम्प्सन आणि रिची यांनाही नाही, मग चिंचणीच्या मास्तरांचे काय घेऊन बसलात! म्हणून जाणत्यांनी पुढे अंदाज अचूक करण्याचा नाद सोडला आणि चूक दुरुस्त करता येईल अशी सोय केली. आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्समध्ये १९९० साली आणि लिनक्सवर १९९८ मध्ये हाइन्झ माउल्सहागेन यांच्या हातून 'एलव्हीएम' आले. त्यात हिस्से डिस्कवर शेजारी-शेजारी असण्याची गरज नाही. जागा लागेल तशी सामाईक साठ्यातून घ्यायची, आणि यंत्र चालू असताना हिस्सा वाढवायचा. सन कंपनीने २००५ मध्ये खुल्या केलेल्या झेडएफएसने तर बांधच काढले. सगळी जागा एका तळ्यात, प्रत्येकाला फक्त मर्यादा.

तरी एक गोष्ट बदललेली नाही. हिस्सा वाढवणे सोपे, लहान करणे अवघड. एक्स्ट-४ लहान करायची तर आधी ती फांदी झाडावरून उतरवावी लागते. एक्सएफएस तर जवळजवळ लहान होतच नाही. म्हणून सुरुवातीला हात राखून द्यावे. दिलेले परत मागणे घरातही कठीण असते, डिस्कवरही.

आता माझ्याकडे एक टेराबाइटची डिस्क आहे. सुरुवातीला यंत्र उठवण्यापुरता एक गिगाबाइट, रूटला शंभर, होमला पाचशे, एलव्हीएमवर. स्वॅपची साधी फाइल. बाकीची जागा कोणालाच दिलेली नाही. आठवणींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक पुण्याला भाच्याकडे. कारण वाटणी कितीही शहाणपणाने केली तरी डिस्क एकच, ती गेली की सगळे वाटेकरी एकदम जातात. पार्टिशन म्हणजे दुसरी प्रत नव्हे, हे मी किंमत मोजून शिकलो.

परवा भाचा आला होता. म्हणाला, "मामा, तीनशेच्या वर गिगाबाइट नुसते पडून आहेत की!"

मी म्हटले, "असू देत. गावाला गुरचरण लागतेच."

त्याला गुरचरण म्हणजे काय ते सांगावे लागले. असो. तो विषय पुन्हा केव्हातरी.